कोरडी दोरी

शनिवार, नोव्हेंबर

आज बोटीवर जाणाऱ्या आम्हा संशोधकांचं बचावाचं प्रशिक्षण होतं, त्सुनामीनंतर बांधलेल्या भिंतीपलीकडे, गारठलेल्या समुद्रात. माझे सहकारी सातो-सान बुडण्याचं नाटक करत होते. फेकायची दोरी माझ्या हातात होती. आणि मी काय केलं? दोरी धक्क्यावर टाकून सरळ उडी मारली. थंडीनं श्वासच अडकला. लाइफ जॅकेट होतं म्हणून बरं. शेवटी सातो-साननीच मला धरून ठेवलं.

"आता बुडणारे दोन झाले," प्रशिक्षक शांतपणे म्हणाले. कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. दोरी धक्क्यावर कोरडीच पडली होती.

पण माणूस डोळ्यांदेखत बुडत असताना हातपाय थांबतात कुणाचे?

जेवताना माझ्या लेकीला, ईराला, हे सगळं सांगितलं. तिला इथल्या जपानी शाळेत कपड्यांसकट पाण्यात उतरवून तरंगायला शिकवतात. सहज विचारलं, "तू पडलीस तर मी काय करू गं?"

जेवण न थांबवता ती जपानीत म्हणाली, "मी पाठीवर तरंगत थांबेन. तू उडी मारू नकोस, आई. दोरी फेक."

म्हणजे ती थांबणार आहे. माझ्या भरवशावर. आणि माझी दोरी आज ओलीसुद्धा झाली नाही.