तिसऱ्या बटणाचे धडे

३ जून, सकाळी ७.१०
ठरलं. यंदा वसाहतीच्या समितीचा अध्यक्ष मीच. डॉक्टर अकरा वर्षं खुर्ची अडवून बसलाय. मतदान हात वर करून. ज्याच्याकडून उद्या इंजेक्शन घ्यायचं, त्याच्याविरुद्ध हात कोण वर करणार? मागच्या वेळी मीही त्याच्याच बाजूने केला. (खांदा दुखत होता.) उपाय: मतदानाचं मशीन भाड्याने आणायचं. मतदान गुप्त झालं की माझे छुपे समर्थक बाहेर येतील. अंदाजे साठ.

९ जून
मशीन मंजूर. लोकांना ते शिकवणार कोण, म्हणताच सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहजिक आहे, तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. माझी पद्धत साधी. हात आपोआप गेला पाहिजे, डोकं मध्ये येता कामा नये.
बायको म्हणाली, अहो, उमेदवारानेच शिकवणं बरं दिसेल का? तिला म्हटलं, तत्त्वाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये.

१२ जून
मशीनवर तीन बटणं. पहिलं डॉक्टर, दुसरं मी, तिसरं ‘दोघेही नकोत’. सरावात माझं बटण दाबायला लावलं तर तो प्रचार. डॉक्टरचं दाबायला लावायला मी काय खुळा आहे? म्हणून सराव तिसऱ्यावर. इतका निःपक्षपाती माणूस या वसाहतीत दुसरा नाही.

१५ जून
पहिला वर्ग. जिन्याखाली टेबल, आडोशाला पुठ्ठ्याचं खोकं. सतरा हजर. सोपं काम नाही. वॉचमनने बटण दाबलं ते सोडेचना, लिफ्टची वाट बघत असल्यासारखा उभा. सासूबाईंनी तिन्ही बटणं दाबली. म्हणाल्या, कोणाला वाईट नको वाटायला.
शिस्त लावली. बोट, तिसरं बटण, दिवा, पीं. प्रत्येकाकडून पंधरा वेळा. सवयीने दोनदा ‘आरसा बघा’ म्हणालो. बघितला असता तरी बिघडलं नसतं.

२१ जून
वर्गाला आता जवळजवळ सगळी वसाहत येते. सासूबाई तर डोळे मिटून दाबतात. शिंपी म्हणाला, मास्तर, खऱ्या मतदानालाही असंच ना? म्हटलं, अगदी असंच.
प्रचाराला वेळ मिळत नाही. गरजही नाही. लोकांना काम दिसतं.

२६ जून
डॉक्टरही सरावाला आला. त्याच्याकडूनही पंधरा वेळा तिसरं बटण दाबून घेतलं. फार मजा आली. जाताना त्याने खांदा कसा आहे विचारलं. मी पुढच्याला हाक मारली.
आभाराचं भाषण लिहिलं. चार पानं. नम्रता दुसऱ्या पानावर.

२९ जून, सकाळी ९.०५
पहिलं मत मी टाकलं. लोकांपुढे उदाहरण नको? सहा सेकंदांत बाहेर. विचारसुद्धा करावा लागला नाही.

दुपारी १.००
रांग झरझर सरकतेय. मशीनवाला म्हणाला, इतके तयार मतदार मी कुठे पाहिले नाहीत. डोळ्यांत पाणी आलं.

सायंकाळी ५.४०
निकाल. डॉक्टर तीन. मी एक. दोघेही नकोत, ब्याऐंशी. नियमाप्रमाणे आम्हा दोघांनाही पुढची तीन वर्षं उभं राहता येणार नाही.
शिंप्याने माझा हात हातात घेतला. म्हणाला, मास्तर, बोट जरासुद्धा चुकलं नाही.
हा निव्वळ गैरसमज आहे. लोकांच्या मनात मीच होतो.

सायंकाळी ६.३०
लोकांचं एक वेळ समजू शकतो. पण ते एकुलतं एक मत माझं स्वतःचं, म्हणजे बायकोचंसुद्धा मिळालं नाही. जाब विचारला. म्हटलं, इतक्या वर्षांचा संसार आणि एक बटण दाबवलं नाही तुला?
ती भाजी चिरत होती. म्हणाली, मी दुसरं बटण दाबलं, तुमचंच. तुमच्या वर्गाला आलेच नव्हते, मग नावं वाचून दाबलं.
म्हटलं, उगाच खोटं बोलू नकोस. मला मत एकच पडलंय.
ती म्हणाली, हो ना.
सुरी थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मी सकाळचं आठवून पाहिलं. दिवा आठवला, पीं आठवलं.
फार लाज वाटली. तिला म्हटलं, मशीनमध्ये बिघाड असणार. तिने मला पाणी आणून दिलं.