गोदूच्या पायाचा दावा

शके १७८६, अकोला

कार्तिक शुद्ध ११
आज हाडवैद्याने गोदूच्या पायाच्या कामट्या सोडल्या. पाय वाकडाच बसला. म्हातारा बराच वेळ नडगीवरून बोटं फिरवत राहिला, मग म्हणाला, "चालन पोट्टी. लंगडन, पण चालन."
ही स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही.
गोदू मला म्हणते, "बाबा, लंगडन म्हणजे काय?"
"हळूहळू चालायचं."
"पण मी तर धावते."
सहा वर्षांची पोर. तिला काय सांगणार?

कार्तिक वद्य २
कचेरीत गेलो होतो. नारूवरच्या फौजदारीचा निकाल होता. साहेबाने त्याला जवळ बोलावून मवाळपणे विचारलं. पोराने काही लपवलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाप मळ्यात गेलेला पाहून शर्यतीचे बैल सोडले, रेंगीच्या हलक्या गाडीला जुंपले, भर बाजारातून पळवले. कासरा आवरेना. चाक गोदूच्या पायावरून गेलं आणि रेंगी पुढे कुंभाराच्या मडक्यांत घुसली. "बैल कसे पळते ते पाहाचं होतं," म्हणाला. अकरा वर्षांचा आहे. साहेबाने अजाण म्हणून सोडून दिला.
खरं लिहितो, मलाही सुटल्यासारखं वाटलं. माझ्याच शाळेतला पोर. पाढा चुकला की मी उठायच्या आधीच स्वतःचा कान धरतो. त्याला शिपायांच्या मध्ये उभं पाहवत नव्हतं.
पण मग शिरस्तेदारांनी जबान्या वाचल्या. नारूचे वडील भगवंतराव पाटील यांनी बाजारातले दुकानदार साक्षीला आणले होते. सगळ्यांचं एकच म्हणणं. पोर मोकाट धावत रेंगीपुढे आली, आई बांगड्या पाहण्यात दंग होती.
हिने गोदूचा हात धरलेला होता. मागे ओढताना इतका हिसका बसला की पोरीचं मनगटही सुजलं. त्याला हळद मीच लावली.
घरी आल्यावर हिला जबान्यांचं सांगितलं नाही.

कार्तिक वद्य ५
सांगायची गरज पडली नाही. मोर्णा नदीवरून धुणं तसंच ओलं घेऊन परत आली. घाटावर कुणीतरी विचारलं म्हणे, "बांगड्या चांगल्या भेटल्या काय वो बाई?"
जेवली नाही. गोदूला मांडीवर घेऊन केस विंचरत बसली. विंचरून झाले तरी विंचरतच होती.

मार्गशीर्ष शुद्ध ४
विष्णुपंत आले. हिचे थोरले बंधू, अमरावतीस वकिली करतात. मूर्तिजापूरपासून रस्त्यावर नुसत्या कापसाच्या गाड्या, त्यांच्या दमणीला बाजू मिळेना. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई चालली आहे म्हणून आमच्या बोंडांना हा मान. अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदी मढवतात म्हणाले. ज्वारी मात्र कुणी पेरली नाही.
जेवण झाल्यावर म्हणाले, "भाऊजी, दिवाणी लावा. फौजदारीत पोरगं सुटलं ते बरंच झालं. पण बैल बापाचे, गाडी बापाची."
"मला काही घ्यायचं नाही त्यांच्याकडून."
"मग काय हवं?"
"ती जबानी खोटी ठरायला हवी."
"तसा दावा नसतो. नुकसानीचा लावावा लागतो. त्यात आई काय करत होती हे साहेबाला पुन्हा तपासावंच लागेल."
ही दाराआडून ऐकत होती. मी विचारलं, तू काय म्हणतेस. दाराची कडी वाजली. मग, "नारूले तर काही होणार नाही ना, दादा?"
नाही म्हणाले.
"मग लावा."

मार्गशीर्ष शुद्ध ९
दावा दाखल झाला. अर्जात आकडा लिहावाच लागतो म्हणे. विष्णुपंतांनी लिहिला. मी पाहिला नाही, सही केली.

मार्गशीर्ष शुद्ध १०
एका रात्रीत गावभर. शाळेत मोजकी डोकी. वेचणीचे दिवस, पोरं तशीही कमी येतात, पण आज जी आली नाहीत त्यांच्या घरी शेत नाही.
येताना सरकीच्या दुकानाशी एकाने हटकलं, "काहो मास्तर, पोरीच्या पायाचा भाव काय काढला? कापसाच्या वर की खाली?" बाकीचे हसले. मी चालत राहिलो. उत्तर घरी आल्यावर सुचलं, आणि ते मास्तराने बोलण्यासारखं नव्हतं.

मार्गशीर्ष वद्य १
न्हावी आला नाही. निरोप आला, पाटलाकडे काम आहे. दाढी वाढली. गोदू हात फिरवून म्हणते, "बाबा, तुम्ही साळिंदर."
आमच्या बाजूचेही आहेत. रामा तेली वाटेत मुद्दाम थांबून म्हणाला, "लय बेस केलं मास्तर. मातले होते लेकाचे. पाटलाची जिरली पाह्यजे." त्याची शाबासकी सरकीच्या दुकानावरच्या टोमण्यापेक्षा जास्त लागली. गोदूचा पाय कसा आहे, हे त्यानेही विचारलं नाही.

मार्गशीर्ष वद्य ८
दारावर शेण फेकलेलं. पहाटे हिनेच पाहिलं, मी उठायच्या आत धुऊन काढलं. अंगणात रांगोळी रोजच्यापेक्षा मोठी काढली. मला वाटलं सणवार आहे काही. ओल्या दाराकडे लक्ष गेलं तेव्हा कळलं.

मार्गशीर्ष वद्य १२
गोदू उभी राहिली! भिंत धरून, मग भिंत सोडून. दोन पावलं टाकली आणि माझ्या अंगावर पडली. ही हसली. दसऱ्यानंतर प्रथमच.

पौष शुद्ध ३
भर दुपारी अंगणात नारू. दावा लागल्यापासून बापाने शाळा बंद केली आहे त्याची. उन्हात उभा, आत येईना, जाईना. गोदूच ओसरीवरून ओरडली, "नारूदादा, तुझे बैल कुठं आहेत?"
"इकले. बाबानं इकले."
"काहून?"
तो अंगणातून पुढे आला. मग ओसरीच्या कडेला येऊन बसला. गोदूने त्याला पाय दाखवला, इथून इथून दुखतो, इथे नाही. तो पाहत होता. पाहता पाहता त्याचं नाक वाहू लागलं. सदऱ्याच्या बाहीने पुसायचा, पुन्हा पाहायचा.
हिने आतून लाह्या आणून दोघांमध्ये ठेवल्या. तेव्हा तो हिच्याकडे न बघता बोलला. "बाई, तुमी तिचा हात धरून होत्या. म्या पाह्यलं. तुमी तिले ओढून राहिल्या होत्या. म्या बाबाले सांगितलं बी."
"मग बाबा काय म्हणाले?"
"म्हणाले, चूप राय."
लाह्या खाऊन गेला. ही तिथेच बसून राहिली. म्हणाली, "कुणीतरी पाहिलं होतं तर."

पौष शुद्ध ७
विष्णुपंत कामासाठी अकोल्यास आले होते, त्यांना सांगितलं. एकदम उठून बसले. "भाऊजी, दावा जिंकला! पोराला साक्षीला बोलवू."
मी विचारात पडलो. खोटं नाही लिहीत, मनात आलं की बोलवावं. शेण, टोमणे, रिकामी शाळा, सगळ्याला एका शब्दात उत्तर.
ही बाहेर आली. भावासमोर असं उभं राहून बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. "बापाच्या तोंडावर बापाले खोटं ठरवाले लावता त्या लेकराले? मग रात्री जेवाले कुठं जाईन तो?"
"अगं, पण दुसरा साक्षीदार नाही."
"मी आहे ना."
विष्णुपंत म्हणाले, घरच्या बाईची जबानी घरी येऊन घेतात, तशी सोय आहे, अर्ज करू.
"जिथं खोटं लिहिलं तिथंच सांगीन मी."
विष्णुपंतांनी माझ्याकडे पाहिलं. मी हिच्याकडे. नारूचं नाव घ्यायचं नाही, ठरलं.

पौष, संक्रांत
सकाळपासून तिळगुळाचं ताट मांडून बसली. दरवर्षी ओसरी पुरत नाही. आज पलीकडच्या आळीतली सखूबाई तेवढी आली, रेच्यावर कापसातली सरकी काढते ती. अंगाला कापूस चिकटलेला, तशीच. तिला सवाष्णीचा मान नाही म्हणून कधी कुठे जात नाही. ताटाकडे पाहून म्हणाली, "एवढं करून ठेवलं, खाईन कोन? आन इकडं." आणि खरोखर बसून खाल्लं. गोदूला कापसाची बाहुली करून दिली.
संध्याकाळी पाटलीण, म्हणजे नारूची आई, बायकांबरोबर आमच्या दारावरून चालली होती. दारासमोर तिचं पाऊल अडलं. बाकीच्या पुढे गेल्या, मग थांबून मागे वळून पाहू लागल्या. पाटलीण गेली. ही म्हणते, "ती येणार होती." मला तसं वाटलं नाही. मी वाद घातला नाही.

पौष वद्य ७
उद्या तारीख. हिने इरकली काढून ठेवली आहे, लग्नात आलेली. विचारते, साहेबापुढे डोक्यावरून पदर पुरे ना, की तोंडावर घ्यायचा. मी म्हटलं, तुला हवं तसं. "मग तोंड उघडं ठेवते. नाहीतर म्हणतील दुसऱ्याच कुणाला आणलं."

पौष वद्य ८
कचेरीपुढे जत्रा भरावी तशी माणसं. मास्तरांची बायको उभी राहणार म्हणून. झाडावर पोरं. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "ब्राह्मनाची बाई कचेरीत, आता काय राह्यलं?" हिने ऐकलं. चालत राहिली. माझाच पाय अडखळला.
आत जाऊन उभी राहिली. साहेबाने पाणी देवविलं. मग बोलली. फार थोडं. "बांगड्यांचं दुकान डाव्या हाताला होतं. मी उजव्या कडेनं चालत होते. उजव्या हातात भाजी होती, डाव्या हातात गोदूचा हात होता. रेंगी आली तेव्हा भाजी टाकली. तिचा हात टाकला नाही."
पाटलांच्या वकिलाने विचारलं, इतक्या लोकांनी खोटं का सांगावं?
"ते त्यायले विचारा. मी माझं सांगितलं."
आणि मागून, माणसांच्या गर्दीतून, "बाई खरं बोलते!" नारू. केव्हा आत शिरला कुणास ठाऊक. शिपाई धावला. आम्ही त्याला आणलं नव्हतं, देवाशपथ. मी पाटलांकडे पाहिलं. वाटलं, आता उठून पोराला मारतात. ते उठले, शिपायाच्या हातातून पोराला सोडवलं आणि आपल्याजवळ बसवलं. पोराच्या दंडाला धरून बसले होते, सगळा वेळ.
साहेब शिरस्तेदारांशी इंग्रजीत काही बोलले. पोराचं बोलणं कागदावर घेतलं की नाही कळलं नाही. विष्णुपंत म्हणतात, शपथेवर नाही, धरणार नाहीत. निकाल राखून ठेवला.
घरी येताना चालवलं नाही हिला. गाडीत बसवून आणली.

पौष वद्य ११
गावात दोन तट. एक म्हणतो, मास्तराने पोराला पढवलं. दुसरा म्हणतो, लेकरू कशाला खोटं बोलेल. बांगडीवाला काल वाटेत दिसला, मला पाहून दुसऱ्या बोळात वळला. न्हावी आपण होऊन आला, दाढी करताना एक शब्द नाही. नेहमी तोंड बंद नसतं त्याचं.
घाटावर हिच्याजवळच्या दगडावर कुणीतरी येऊन बसलं म्हणे. कोण ते सांगितलं नाही.

माघ शुद्ध १
नारू शाळेत आला. आपल्या जागी बसला. पोरं सरकून दूर झाली. मी पाढे म्हणायला लावले, त्याने सगळ्यांत हळू आवाजात म्हटले. बरोबर म्हटले. बापाने पाठवला की न सांगता आला, विचारलं नाही.

माघ शुद्ध ५
निकाल अजून नाही. विष्णुपंत म्हणतात, साहेब दौऱ्यावर आहेत, फाल्गुन उजाडेल.
आज दिवेलागणीला पाटील आले. एकटे. पागोटं हातात. इतक्या वर्षांत माझ्या दारात प्रथमच. या म्हटलं, बसा म्हटलं. बसले नाहीत, पाणी मात्र मागितलं. हिने तांब्या आणून ठेवला आणि दाराआड न जाता दारातच उभी राहिली.
"निकाल काई लागो मास्तर," म्हणाले, "पोराले शाळेतून काढू नका."
"मी त्याला काढलेलंच नाही."
"म्या काढलं होतं. मालूम आहे." मग गोदूकडे पाहिलं. ती भिंतीला धरून त्यांच्याकडेच चालत येत होती, पाय ओढत. त्यांच्या पागोट्याचा जर बघायला. त्यांनी खाली वाकून पागोटं तिच्या हातात दिलं. ती बोट फिरवत होती तोवर ते तसेच वाकलेले. म्हातारे दिसले.
सरळ होऊन हिच्याकडे वळले. ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. हिलाही वाटलं असावं, हिचा हात पदराशी गेला.
"येतो मंग," म्हणाले.
अंगणापर्यंत गेले. तिथे थांबले. मागे वळले नाहीत, पण पुढेही लगेच गेले नाहीत. मग गेले.
मी आत येऊन हे लिहायला बसलो. गोदू झोपली. ही अजून दारातच उभी आहे. हाक मारली, तर म्हणते, "थांबा जरा. ते कोपऱ्यावर उभे आहेत."