उजवीकडची गिरकी

३ जून, सोमवार

"हे विमान उजवीकडे गिरकी घेत नाही, मार्लिस." बाबा हे म्हणाले तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. गॅरेजमध्ये नऊ वर्षं खपून त्यांनी बांधलेल्या दुपंखी विमानाच्या चाचण्या नुकत्याच संपल्या होत्या. मी नुसती मान डोलावली. आज, त्रेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदाच मनात आलं — का नाही घेत?

घरी बांधलेल्या विमानाने चाचणीत केलेल्या आणि वहीत लिहिलेल्या कसरतीच पुढे करायच्या, असा नियम. बाबांच्या अक्षरात चार आहेत. शेवटची : डावी गिरकी. तीन फेरे फिरत खाली. लगेच सुटते, विमान सरळ. त्याखाली कोरं.

आता विमान मीच उडवते. उजवी करून बघायचीय! पण ते बाबांच्या नावावर. त्यांचा होकार हवा.

५ जून

शेजारच्या हँगरमधल्या लेन क्युबियाककडून पंख मोजून घेतले. दोरी, ओळंबा, सगळं. केसाइतकाही फरक नाही!

"विमान सरळ आहे. वाकडा असेल तर तुझा बाप," म्हणाला. मग असं का, विचारलं तर दोरी गुंडाळत बसला. फारच वेळ.

७ जून, शुक्रवार

बाबांना तळलेले मासे खायला क्लबात नेलं. विचारलंच.

"उजवीकडे काय ठेवलंय? तिकडेही खाली मक्याची शेतंच आहेत."

"बाबा!"

"अकरा फेरे. सुटेचना. सुटली तेव्हा जमीन नऊशे फुटांवर होती. झालं समाधान? खा, गार होतंय."

अकरा! डावीकडे लगेच सुटणारी गिरकी उजवीकडे इतकी अडेल? घरी येईपर्यंत डोक्यात तेच.

८ जून

चाचण्यांचे वजनाचे कागद काढले. अकरा फेऱ्यांच्या त्या दिवशी सकाळी शेपटाकडे जास्त भार देऊन उड्डाण : सीटमागे तीस पौंड वाळूची पिशवी. दुपारी उजवी गिरकी. शेपूट जड असेल तर गिरकी सुटत नाही, हे इथे सगळ्यांना ठाऊक. आणि पिशवी काढल्याची खूण — नाही.

कागद घेऊन लेनकडे गेले. तो बाकावर बसला.

"उतरल्यावर त्यानेच काढली ती. म्हणाला, लेन, पोरीला कळता कामा नये. आपण दोष विमानाचा म्हणून सांगू."

९ जून, रविवार

पिशव्या काढायचं काम माझं होतं. त्या दुपारी मी तळ्यावर पोहायला गेले होते.

उद्या बाबांपुढे वही आणि पेन ठेवणार. म्हणणार, लिहा — पिशवी मार्लिसने काढली नव्हती, विमानात दोष नाही. ते लिहिणार नाहीत. म्हणतील, उडण्याआधी बघायचं काम उडवणाऱ्याचं असतं.