तिसावा रोजा

२५ मार्च १९६२

अब्बा, तस्लीमात.

मी लहान होतो, त्या साली बोर्लीत ईदचा चंद्र ढगांत अडकला होता. घरोघरी शेवया तयार होत्या. तुमची नजर गावात सगळ्यांत तेज, म्हणून लोक मशिदीसमोर तुम्हाला म्हणाले, "नजमुद्दीनभाई, तुम्ही हो म्हणा, बस्स." तुम्ही म्हणालात, "मला न्हाय दिसला. गवाही न्हाय देणार." गावानं तिसावा रोजा धरला.

इथं परदेशात, वेधशाळेत, मी आकाशाच्या फोटोंच्या काचा भिंगाखाली तपासतो. फार दूरच्या दीर्घिका त्यांवर धुरकट ठिपक्यांएवढ्याच उमटतात. त्यांचा उजेड पृथ्वी जन्मायच्या आधी निघालेला असतो. गेल्या वर्षी साहेबांनी एका जागेवर बोट ठेवून म्हटलं, "ही सगळ्यात लांबची दीर्घिका." मला तिथं काहीच दिसलं नाही. तरी मी "आहे" म्हणालो आणि सही केली. शोध छापून आला.

काल बहीण नसीबाचं पत्र आलं. जुम्याच्या नमाजानंतर तुम्ही सगळ्यांना सांगता म्हणे, "माझ्या मुश्ताकनं दुनियेतला सगळ्यात लांबचा उजेड पाहिला."

हे पत्र मी टाकणार नाही, अब्बा. तुम्ही जन्मात एकदाच न पाहता गवाही दिलीत, तीही माझ्यासाठी.

तुमच्यासमोर मान वर न करू शकणारा,
मुश्ताक