भिंतीवर निघालेले दाजी

पाथरी मुक्कामी दिनकरराव दाजींना राणीसावरगावहून रंगनाथचा रामराम. तुमची तब्येत अन् दुकान दोन्ही ठीक असतील असं धरून चालतो. इकडं तुमची राजेश्री अन् नवं बाळ झोपा काढायलेत. मी मात्र तुमच्या थोरलीपायी लय अडचणीत हाय.

बारशासाठी माजघराला चुना मारला, अन् त्याच दुपारी अपेक्षानं कोळसा घेऊन भिंत धरली. (कोळसा आईनंच दिला, पण ती कबूल होत न्हाई.) राजेश्रीसोबत इथं आली तेव्हा पोरगी नुसते गिरगोटे काढायची, पिंजलेल्या कापसासारखे. मग गोल निघू लागले, पण गोलाचं तोंड मिटायचं न्हाई. एके दिवशी मिटलं. पोरगी बघतच राहिली. अन् त्या दुपारी भिंतीवरच्या गोलात दोन डोळे आले अन् गोलाच्या खालूनच दोन लांब पाय. पोट न्हाई, हात न्हाई. शेजारचे आबासाहेब चहाला आले होते. म्हणाले, "भोपळ्याला पाय फुटले का गं?"

"भोपळा न्हाई. माझे पप्पा हायत," म्हणत तिनं त्यांच्या हातातलं बिस्कीट काढून घेतलं.

भिंत परत पांढरी कर, असा आईचा हुकूम. मी चुना कालवला, पण त्याआधी तुम्हाला निदान पोट तरी असावं म्हणून कोळशानं काढून दिलं. पोरीनं थुंकी लावून पुसलं. बाळाला बघायला आलेल्या अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "या वयात लेकरं असंच काढतेत. पोट मागून येतं. घाई करू नका." मग मी जरा बाजेवर टेकलो. ऊन भिंतीवरून सरकत होतं, बाळाची झोळी हलत होती, अन् तुम्ही हळूहळू चालायला लागलात, त्या कापसातून, तोंड न मिटलेल्या गोलांमधून. किती वेळ गेला कळलं न्हाई. डोळे उघडले तर चुना बुडाशी बसलेला, कुंचला वाळून लाकूड झालेला, अन् अपेक्षा तुमच्या शेजारी एक बारका गोल काढायलेली. बिनपायाचा.

"पाय कुठं गेले?"

"हे बाळ हाय, मामा. त्याला कुठं चालता येतंय?"

भिंत तशीच ठेवलीय. आईशी बोलणं बंद हाय.

तुमचा मेहुणा,
रंगनाथ

ता. क. वरचं सगळं न्हाई वाचलं तरी चालंल. रविवारी बारसं हाय. दुसरीबी पोरगीच झाली म्हणून दाजी फिरकले न्हाईत, असं गाव म्हणायलंय. मी सगळ्यांना सांगतोय की तुमचा गुडघा धरलाय. तेवढा बरा करून या.

आणखी एक. हे पत्र राजेश्रीला दाखवलं न्हाई. सकाळी झोळी हलवता हलवता तिनं विचारलं, "दादा, गंगाखेडची गाडी कधी येती रे?" पाथरीचं माणूस त्याच गाडीनं उतरतं. तरी म्हणलं, कशाला? तर म्हणाली, "उगंच."