मेलेल्या माशाचा स्टिकर

४ फेब्रुवारी
आजपासून समुद्र माझ्या हातात. देवव्रतसाहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं की घातक माल जहाजाने पाठवायचे आंतरराष्ट्रीय नियम आता आपलं अंधेरीचं ऑफिसही शंभर टक्के पाळणार. मे महिन्यात ऑडिट, मग एक कंप्लायन्स हेड नेमणार. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यामागे घड्याळ आहे, पण साहेब काही घड्याळ बघणाऱ्यातले नाहीत.
संकल्प : रोज दहा पानं नियम वाचणे.

५ फेब्रुवारी
दोन पानं झाली. अक्षर फार बारीक. पण गाभा सापडला. समुद्राला घातक असलेल्या मालाच्या ड्रमवर मेलेल्या माशाचं चित्र लावायचं, आणि तो स्टिकर समुद्रात तीन महिने राहिला तरी ओळखता आला पाहिजे. बाकी सगळा तपशील.

१० फेब्रुवारी
भांडुपच्या गोदामात लेक्चर दिलं. गोदामातल्या सुशांतने विचारलं, बांगडा आहे का. सगळे हसले. नंतर पाहतो तर निम्म्या ड्रमवर स्टिकर उलटा. मेलेला मासा मजेत पोहतोय. या लोकांपुढे डोकं फोडून उपयोग नाही.

१२ फेब्रुवारी
मानसी म्हणाली, टेस्ट केलेले स्टिकर सर्टिफिकेटसकट विकत मिळतात, तेच मागवूया. लागून दोन वर्षं नाही झाली हिला! मी सांगितलं, कागदावर मी विश्वास ठेवत नाही, आपल्या स्टिकरची टेस्ट मी स्वतः करणार. साहेब म्हणाले, करा. आवाजात आदर होता. दुसऱ्या कुणाशी फोनवर बोलत होते, तरीही.

१५ फेब्रुवारी, मनोरी
बायकोचा, म्हणजे प्रेमाचा, भाऊ सहदेव इथे समुद्रकाठी एक कॉटेज चालवतो. धुतलेला रिकामा ड्रम नेला. त्यावर मासा, कंपनीचं नाव, इमर्जन्सी नंबर. नंबर माझाच दिला, जबाबदारी झटकणाऱ्यातला मी नाही. ड्रम पाण्यात सोडून दोरीने खुंटाला बांधला. सहदेव म्हणत होता, भावोजी, गाठ मी मारतंय, तुमची सुटतली. त्याला सांगितलं, नियम मी वाचलेत.

२३ फेब्रुवारी
सहदेवचा फोन. दोरी आहे, ड्रम नाही.
ऑफिसात बोललो नाही. टेस्ट चालूच आहे, फक्त जागा बदलली. आणि नियमात दोरीचा उल्लेख कुठे आहे?

१० मार्च
साहेबांनी विचारलं, टेस्ट कशी चाललीय. म्हटलं झकास, ड्रम पाण्यातच आहे. हे खोटं नाही. मानसीने विचारलं, नक्की कुठे. अरबी समुद्रात, म्हटलं.
दर रविवारी मनोरीला जाऊन पाण्याकडे बघत बसतो. प्रेमा म्हणते, तब्येत दाखवून घ्या. चौदा वर्षं या ऑफिसात घासली. हे पद गेलं तर पुन्हा कोण विचारणार?

१८ मे
उद्या ऑडिट. सकाळपासून फोन थांबत नाही. ड्रम मनोरीच्या वाळूवर लागलाय. मेलेला मासा बघून कुणीतरी व्हिडिओ काढला. पाण्यात कुणी उतरेना, कॉटेजची बुकिंग धडाधड रद्द. पोलिसांनी विचारलं, आत कुठलं विष आहे. म्हटलं, काहीच नाही. मग मासा कशाने मेला, म्हणाले.
माझा नंबर सगळ्यांना ड्रमवरच मिळाला. तीन महिने खाऱ्या पाण्यात राहूनही अक्षर न् अक्षर स्वच्छ. साहेबांना मुद्दाम फोटो पाठवला. त्यांनी आधीच पाहिला होता.

१९ मे, मनोरी
ऑडिट माझ्याशिवाय झालं. पास. मानसीने गुपचूप सर्टिफिकेटवाले स्टिकर मागवून ठेवले होते. तीच हेड. तिचा पहिला हुकूम मला : ड्रम आजच्या आज परत आणा.
खाडीपलीकडे मार्व्याला नेणाऱ्या होडीवाल्याने ड्रम चढवू दिला नाही. त्यानेही व्हिडिओ पाहिलाय. म्हणतो, आधी तो मेलेला मासा काढा, मग बघू.
दुपारपासून खरवडतोय. नखं झाली, घराची चावी झाली, आता सहदेवचा कोयता. सहदेव शेजारी बसलाय. त्याचा अख्खा सीझन बुडाला.
स्टिकरचा एक कोपरासुद्धा निघत नाही.