ढब्बूचा खांदा

४ मार्च

चि. चिमणीस,
ताईचे आशीर्वाद, पाकिटात मावतील तेवढे.

तुझा फोन बंद लागत होता म्हणून माझा जीव खालीवर होत होता. शेवटी तुझ्या यजमानांनी दुकानातून कळवलं की नंबर कुठल्याशा पोरींच्या हाती लागलाय आणि त्या तुलाच आई म्हणून हाका मारत फोनवर रडतात. तेव्हा आता पत्रंच. बरं झालं, फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

इथे सलूनमध्ये तुझ्या ढब्बूने उच्छाद मांडलाय, तोही इथे पाऊल न ठेवता. रोज पोरं मासिकाचं पान घेऊन येतात आणि कपाळावर अश्शीच बट हवी म्हणून हटून बसतात. अगं, ती बट म्हणजे त्याच्या डोक्यातला भोवरा! पाणी लावून, तेल लावून, एकदा तर चक्क साबण चोपडून मी ती बसवायला गेले आणि हरले. आता तिच्यावर लेख येतात. परवाच्या अंकात तिला 'बंडखोर बट' म्हटलंय. त्याच अंकात तो 'लाखो काळजांची धडधड' आहे. इतकं धडधडत असेल तर तपासून घ्या म्हणावं. शिवाय तो म्हणे नुसती फळं खाऊन राहतो, पहाटे ध्यानाला बसतो आणि कविता वाचल्याशिवाय त्याला झोप येत नाही. हा आपलाच का गं, टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून घोरणारा?

आणि तू! टीव्हीवरच्या त्या गुलाबी सोफ्यावर बसून त्याचे टबातले फोटो सगळ्या दुनियेला दाखवलेस. ड्रायरखाली बसलेल्या माझ्या गिऱ्हाइकांना हुंदके आवरेनात. मी त्याची मावशी आहे हे इथे कुणाला ठाऊक नाही आणि तुला माझी शपथ आहे, कळू देऊ नकोस. आठवण म्हणून माझेच केस उपटून नेतील.

त्याचा खांदा कसा आहे? छापून आलंय की सिनेमासाठी इमारतीवरून स्वतः उडी मारताना निखळला. तू तर मला सांगितलं होतंस की माळ्यावरची सूटकेस काढताना स्टुलावरून आपटला.

माया आहे तशी राहू दे, सगळी टीव्हीवर वाटून टाकू नकोस.

तुझी ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. (साष्टांग घातला तर उठवायला कुणी लागतं, म्हणून वाकूनच.)

तुझं पत्र वाचून हे इतके हसले की भिंग डोळ्यावरून खाली पडलं. ह्यांची तर कमालच झालीय. दुकानात मुली चालू घड्याळं घेऊन येतात आणि बंद पडलंय म्हणतात. काल एकीला ह्यांनी सांगितलं की घड्याळ ठणठणीत आहे, बिघाड मनगटाच्या वर कुठेतरी आहे. तिला राग यायच्या ऐवजी ती लाजली! फाटकाशी तर गर्दी हटत नाही. आमचं पायपुसणं गेलं, ह्यांची जुनी चप्पल गेली. ती ढब्बूची नव्हती हे त्या बिचारीला कोण सांगणार?

स्टुलाचं कुठे बोलू नकोस हं. त्याच्या मॅनेजरने बजावलंय की सिनेमा येईपर्यंत उडीच सांगायची. उडी मारणारा वेगळाच होता, पण पोस्टरवर 'सगळे धोके स्वतः पत्करले' असं छापून झालंय.

खांद्याला आता बराच आराम आहे. आमच्या खालच्या मजल्यावरची पोरगी फिजिओथेरपिस्ट झालीय ना, ती रोज दवाखान्यातून आल्यावर वर येऊन त्याच्याकडून व्यायाम करून घेते. लहानपणी आमच्याकडेच पडलेली असायची, आता अशी दटावते की ढब्बू निमूट हात वर करतो. गंमत म्हणजे समोरच्या गच्चीवरून कुणीतरी त्यांचा फोटो काढला. तिने त्याचं कोपर धरलंय, दुसरा हात खांद्यावर, आणि वर मथळा 'अखेर मिठीत!' आम्ही पोट धरधरून हसलो. नंतर एक वार्ताहर बाई आली, बोलायला इतकी गोड की काय सांगू. तिला मी म्हटलं, अहो ती आमच्या खालचीच मुलगी, लहानपणापासूनची. कुठल्या दवाखान्यात असते तेही कौतुकाने सांगितलं. म्हटलं, तिचंही चार लोकांत नाव होईल.

तुझं रागावणं माझ्या वाट्याला असंच येत राहो.

तुझी चिमणी


१७ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज हात आखडून.

तू त्या बाईला दवाखान्याचं नाव सांगितलंस? काय म्हणावं तुला!

त्या पोरीचा फोटो माझ्या आरशासमोर पडलाय, कारण काल एकीने तो तिथेच टाकला आणि त्यावर कात्री ठेवली. तिचं नाक, तिचे दंड, तिचे कपडे, कशावर म्हणून बोलायचं सोडलं नाही या बायकांनी. त्यात एक शाळेतल्या शिक्षिका आहेत. एरवी केस कापून झाले की माझे दहादा आभार मानणाऱ्या. त्यांनी स्वतःच्या फोनवर त्या पोरीला जे लिहिलं होतं ते मला हसत हसत वाचून दाखवलं. मी तो शब्द या कागदावर लिहिणार नाही. मी त्यांना विचारलं की तुम्ही हिला ओळखता का. म्हणाल्या, छे, ओळखायचंय कशाला, आमच्या राजकुमाराला नादी लावलंय ना तिने. पोरीबाळी असलेली बाई ही! मी तिचे केस अर्धे कापून तसेच ठेवले असते. धंदा आड आला.

मासिकात आता 'जवळच्या मित्राने' सांगितलंय की पोरगी पैशासाठी चिकटलीय. 'विश्वसनीय सूत्रांनी' सांगितलंय की गुपचूप लग्न झालंय. दुसऱ्या सूत्रांनी सांगितलंय की मोडलंसुद्धा. या सूत्रांना घरदार, आईबाप काही असतं का गं? की ती कचेरीतल्या पंख्याखालीच जन्मतात?

ते सगळं राहू दे. मला एवढंच कळव की ढब्बूने काय केलं. त्याच्या एका वाक्याने हे थांबेल. बोलला का तो?

तुझ्यावर जीव आहे म्हणून चिडते, हे लिहायला लागू नये.

ताई


२३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. आज खरंच डोकं टेकवावंसं वाटतंय.

तो बोललेला नाही.

इथलं हसणं थांबलंय. दवाखान्याच्या दारात मुली घोषणा देत उभ्या राहिल्या, पेशंट मागच्या मागे परत गेले. दवाखान्याच्या मालकांनी पोरीला सुट्टी घ्यायला सांगितलं. कधीपर्यंत, तर ते म्हणाले, बघू. तिच्या स्कूटरवर कुणीतरी रंग ओतला आणि तोच घाणेरडा शब्द सीटवर कोरला. तिचे वडील पायरीवर बसून रॉकेलच्या बोळ्याने पुसत होते. मी जिन्यावरून उतरत होते, त्यांनी मान वर केली नाही.

तिची आई आणि मी वीस वर्षं एकमेकींकडे न विचारता जातो. काल मी दार वाजवलं. आत पावलं वाजली, दारापर्यंत आली आणि परत गेली. ताई, फोटो तिच्या लेकीचा निघाला, पण पत्ता मी दिला. तुला लिहिलं तेव्हा मी किती खुशीत होते!

ढब्बू हॉटेलात जाऊन राहिलाय. ह्यांच्या दुकानातून मी त्याला फोन केला आणि म्हटलं, एवढंच सांग की ती तुझा खांदा बघत होती. तो म्हणाला की निर्मात्यांना ही चर्चा हवीच आहे, तिकिटं आताच संपत आलीत. शिवाय खांद्याचं काढलं की स्टुलाचं निघणार, मग उडीचं निघणार. पोरगी समजूतदार आहे, थोडे दिवस कळ काढेल. वर म्हणाला की आई, तुला यातलं काही कळत नाही.

हे रात्री जेवले नाहीत. म्हणाले की आपल्या घरात हा असा कुणाच्या हाताखाली तयार झाला.

त्या गुलाबी सोफ्यावाल्यांनी मला पुन्हा बोलावलंय, या वेळी थेट प्रक्षेपण. मॅनेजरने काय बोलायचं ते लिहून पाठवलंय. सुनेबद्दल विचारलं तर नुसतं हसायचं, असं त्यात आहे. मी काय करू?

तुझा हात पाठीवर असू दे.

चिमणी


२६ मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद, या वेळी सगळेच्या सगळे.

काय करायचं ते तुला ठाऊक आहे, नाहीतर विचारलं नसतंस. ढब्बू चिडेल. चिडू दे. तो हॉटेलात पंख्याखाली आहे, ती पोरगी दाराआड आहे.

जमलं तर एक कर. रडू नकोस. तू रडलीस की ते कॅमेरा तुझ्या डोळ्यांवर नेतील, मागे बासरी लावतील आणि तू काय बोललीस ते कुणी ऐकणार नाही.

नंतर घरात बसवलं नाही तर सरळ इकडे निघून ये. दोन खुर्च्यांपैकी एक तुझी.

ताई


९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न.

तू पाहिलंच असशील. मी रडले नाही. त्या निवेदिकेने डोळे मिचकावत सुनेचं विचारलं, तेव्हा मी सांगितलं की ती सून नाही, ती आमच्या खालच्या घरची मुलगी आहे आणि माझ्या मुलाचा खांदा बरा करत होती. खांदा उडीने नाही, स्टुलावरून पडून निखळला. उडी दुसऱ्याने मारली, त्याचं नाव पोस्टरवर नाही. मुलीचा पत्ता मी दिला, माझी चूक झाली, आणि माझा मुलगा गप्प बसला ही त्याची चूक. निवेदिकेचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं कसं ते तिला सुचेना. मग एकदम जाहिराती लागल्या.

आता त्या पोरीचं नाव कुणी घेत नाही, कारण आता मी आहे. फाटकाशी त्याच मुली माझ्या नावाने ओरडतात. 'विश्वसनीय सूत्रांच्या' मते मी त्याची सख्खी आई नाहीच. एका मासिकाने तर खऱ्या आईचा शोध सुरू केलाय. टबातल्या फोटोत त्याला धरलेला हात कुणाचा आहे यावर चर्चा झाली. हे म्हणाले की शोध लागला तर आपल्यालाही कळवा. दुकानात चालू घड्याळं येणं बंद झालंय, तेवढी शांतता. आणि सिनेमा? तो धो धो चाललाय. स्टुलामुळे ढब्बू त्यांना आणखीच साधा, आपला वाटायला लागलाय. मला वाटलं होतं मी केवढा मोठा घाव घालतेय. यांना काही लागतच नाही गं.

दवाखान्याने पोरीला परत बोलावलं. ती गेली नाही. दुसऱ्या गावी इस्पितळात जागा मिळालीय, पुढच्या आठवड्यात निघेल. तिची आई वर येऊन बसली. मला वाटलं आता गळ्यात पडून रडू. ती म्हणाली की बोललात ते बरं केलंत, पण उशीर केलात. मग पाणी प्यायली आणि गेली. मी कपाट उघडून उगीचच कपड्यांच्या घड्या घालत बसले.

काल संध्याकाळी ढब्बू आला, टोपी ओढून, मागच्या गल्लीने. वर आलाच नाही. खालीच त्यांचं दार वाजवलेलं मला जिन्यातून ऐकू आलं. त्याने स्वतःचं नाव सांगितलं. पुन्हा वाजवलं, म्हणाला की मला फक्त माफी मागायचीय. तेव्हा पोरगी आतूनच, अगदी शांतपणे म्हणाली की खांद्याचे व्यायाम सोडू नकोस. दार काही उघडलं नाही.

तो तिथेच पायरीवर बसला. फाटकाबाहेर कुणाला तरी सुगावा लागला होता, त्याच्या नावाचा नुसता कल्लोळ चालला होता. ताई, माझ्या तोंडाशी आलं होतं, ढब्बू, वर ये, खाऊन घे. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ह्यांच्याकडे पाहिलं. मी जिन्यातला दिवा तेवढा लावला आणि आमचं दार लोटून घेतलं.

दिवसभर काही गोड लागलेलं नाही. तेवढी माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी चिमणी